शब्द कुणाचे, आवाज कुणाचा

प्रस्तावना

यामागुची मोमोएची पहिली ध्वनिमुद्रिका २१ मे १९७३ रोजी बाजारात आली, तेव्हा ती १४ वर्षांची होती. ५ ऑक्टोबर १९८० रोजी तोक्योच्या निप्पॉन बुदोकानमध्ये तिने निरोपाचा कार्यक्रम केला, तेव्हा २१ वर्षांची. मधल्या जेमतेम साडेसात वर्षांत तिची तीसहून अधिक सिंगल्स निघाली, डझनाहून अधिक चित्रपटांत तिने काम केलं आणि दूरचित्रवाणीवरच्या तिच्या मालिकांनी घराघरांतल्या प्रेक्षकांना रडवलं. त्यानंतर तिने लग्न केलं आणि पुन्हा कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. चाळीसहून अधिक वर्षं उलटली. या काळात पुनरागमनाचा सोहळा झाला नाही, एखाद्या चित्रपटात पाहुणी भूमिका नाही, जुन्या गाण्यांच्या मैफलीत दोन ओळींपुरतं दर्शनही नाही.

एवढ्या थोड्या वर्षांच्या कारकिर्दीवर मराठीत पुस्तक कशाला, असा प्रश्न वाचकाला पडणं साहजिक आहे. मोमोएचं गाणं आपल्याकडे फारसं पोचलेलं नाही. तिचे चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत लागले नाहीत. जपानचा सिनेमा म्हटलं की आपल्याला कुरोसावा, ओझू आठवतात. जपानचं संगीत म्हटलं की बहुतेकांची पाटी कोरीच असते. पण कोवळ्या वयाच्या मुलींना निवडून, घडवून, गाजवून आणि मग बाजूला सारून चालणारा जो मनोरंजनाचा धंदा आज जगभर दिसतो, त्याची पक्की घडी बसवली ती १९७०च्या दशकातल्या जपानने. त्या घडीतून गेलेल्या असंख्य मुलींमध्ये मोमोए वेगळी ठरते. ती का वेगळी ठरते, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

तिची कहाणी साधारण दोन प्रकारे सांगितली जाते. पहिली परीकथेसारखी: गरीब घरातली मुलगी, अफाट यश, पडद्यावरच्या नायकाशीच लग्न, सुखाचा संसार. दुसरी हळहळीची: एवढी मोठी कलावंत ऐन बहरात चूल आणि मूल सांभाळायला निघून गेली. दोन्ही कहाण्या शेवटापासून सुरू होतात आणि मागे वळून सगळं त्या शेवटाच्या उजेडात बघतात. मला तिची कारकीर्द उलट टोकाकडून वाचावीशी वाटते. सुरुवातीला मोमोएच्या तोंडी इतरांनी घातलेले शब्द होते. ते कोणी लिहायचे हे पुढे ती स्वतः सुचवू लागली. त्यानंतर गाण्याबाहेरचं बोलणं तिने स्वतःच्या ताब्यात घेतलं, आणि शेवटी किती बोलायचं नि कधी थांबायचं हेही तिनेच ठरवलं. तिची निवृत्ती ही या वाटचालीतली शेवटची पायरी आहे. मागच्या पायऱ्या पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

आधी तो कारखाना पाहू. १९७१ मध्ये निप्पॉन तेलेबी या वाहिनीवर ‘स्टार तांजो!’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नवे गायक शोधण्याची ही स्पर्धा. तिची रचना करणाऱ्यांत गीतकार आकु यू हे महत्त्वाचं नाव होतं. त्याआधी नवा गायक शोधायचा म्हणजे एखाद्या संगीतकाराच्या घरी शिष्य म्हणून राहिलेला, क्लबांमधून गाऊन तयार झालेला कलावंत हेरायचा, अशी रीत होती. या कार्यक्रमाने निवडीची प्रक्रियाच कॅमेऱ्यासमोर आणली. अंतिम फेरीत स्पर्धक गाऊन उभा राहायचा आणि समोर बसलेल्या ध्वनिमुद्रण कंपन्या व कलावंत-संस्थांचे प्रतिनिधी, तो हवा असेल तर आपल्या कंपनीच्या नावाची पाटी वर करायचे. बाजारात जनावरावर बोली लागावी तसं ते दृश्य होतं, आणि लाखो घरांत ते रविवारच्या जेवणाबरोबर पाहिलं जाई. आपल्याला आवडलेली मुलगी आपल्या डोळ्यांसमोर ‘निवडली गेली’, या भावनेतूनच प्रेक्षक आणि आयडॉल, म्हणजे अशी निवडून घडवलेली तरुण तारका, यांच्यातलं जवळिकीचं, मालकीहक्काच्या वळणाचं नातं तयार झालं.

मोमोएने डिसेंबर १९७२ मध्ये या स्पर्धेच्या अंतिम फेरीत दुसरं स्थान मिळवलं. पहिल्यापासून सगळ्यांना ती दैवी वाटली असं नाही. एखाद्या मालिकेत कुणाची धाकटी बहीण म्हणून ती चालेल, गाण्याचं मात्र सोडून द्यावं, असा आकु यू यांचा अभिप्राय पडल्याचं पुढे सांगितलं गेलं. होरीप्रो या कलावंत-संस्थेने तिला घेतलं, सीबीएस सोनीने करार केला आणि तिथले निर्माते साकाई मासातोशी यांच्याकडे तिची जबाबदारी आली. याच साकाईंनी १९७१ मध्ये ओकिनावाहून आलेल्या मिनामी साओरीला गाजवलं होतं. त्याच स्पर्धेतून आलेल्या आणि मोमोएच्याच इयत्तेत शिकणाऱ्या मोरी मासाको आणि साकुरादा जुन्को या दोघींबरोबर तिचं त्रिकूट केलं गेलं. मोरी गळ्याची तयार, एन्का या जुन्या वळणाच्या गाण्यांत रमणारी. साकुरादा हसरी, टोपी घातलेली, लख्ख. तिसऱ्या जागी मोमोए: कमी हसणारी, खालच्या पट्टीत गाणारी, कॅमेऱ्याकडे थोडं रोखून बघणारी. त्रिकुटात तिच्या वाट्याला आलेली जागा उरलेली होती असं म्हटलं तरी चालेल.

ती कमी का हसायची, याची कारणं शोधताना योकोसुकाला जावं लागतं. तोक्योत जन्मलेली मोमोए वाढली ती योकोसुकात. तोक्यो उपसागराच्या तोंडाशी वसलेलं हे गाव पूर्वी जपानी साम्राज्याच्या आरमाराचं, आणि १९४५ नंतर अमेरिकन आरमाराचं ठाणं. एका बाजूला टेकड्यांवर चढत गेलेल्या अरुंद गल्ल्या, खाली बंदर, खलाशांसाठीचे बार, इंग्रजी पाट्या. तिच्या आईने घरी बसून कामं करून दोन मुलींना वाढवलं. वडिलांचा दुसरीकडे संसार होता. मोमोए आणि तिची धाकटी बहीण विवाहाबाहेर जन्मल्या होत्या. शाळेत असताना मोमोएने घरोघरी वर्तमानपत्रं टाकण्याचं काम केलं. आईला थोडं सुख मिळावं, ही तिची गाण्याकडे वळण्यामागची साधी इच्छा होती. ही सगळी माहिती तिने स्वतः पुढे पुस्तकात लिहिली म्हणूनच मी इथे लिहितो आहे. तिने ती का लिहिली, याकडे आपण येऊच.

पहिलं सिंगल ‘तोशिगोरो’ बेताचंच चाललं. गीत सेन्के काझुया यांचं, संगीत तोकुरा शुनइची यांचं. मग कंपनीने डाव बदलला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातल्या ‘आओइ काजित्सु’ या दुसऱ्या सिंगलपासून तिच्या तोंडी असे शब्द दिले गेले, की ऐकणाऱ्या मोठ्यांनी त्यांचा दुसरा अर्थ काढावा. जून १९७४ चं ‘हितो नात्सु नो केइकेन’ हे गाणं म्हणजे या धोरणाचा कळस. ते प्रचंड खपलं आणि त्याच गाण्यावर त्या वर्षअखेर तिला एनएचकेच्या ‘कोहाकु उता गास्सेन’ या मानाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा जागा मिळाली. ती तेव्हा १५ वर्षांची होती.

या टप्प्याबद्दल लिहिताना सावध राहायला हवं. आज मागे वळून बघताना, शाळकरी मुलीच्या तोंडी मोठ्या पुरुषांनी लिहिलेले हे द्व्यर्थी शब्द अस्वस्थ करतात, आणि करायलाच हवेत. त्या काळातल्या पत्रकारांना मात्र त्यात गंमत वाटत होती. गाण्यात उल्लेख असलेली, मुलीची सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, हा प्रश्न मुलाखतीमागून मुलाखतीत तिला विचारला जाई. उद्देश अर्थातच तिला लाजवण्याचा. तिचं उत्तर ठरलेलं असे: ‘मागोकोरो’. निर्मळ मन. कधी चेहरा न बदलता, कधी कंटाळलेल्या सुरात, पण उत्तर तेच. गाण्याचे शब्द तिचे नव्हते, पण हे उत्तर तिचं होतं. प्रश्नकर्त्याला हवं ते न देता प्रश्न संपवण्याची जी हातोटी तिने पुढे आयुष्यभर वापरली, तिचा पहिला पुरावा इथे सापडतो.

आवाजातही तोच गुण होता. द्व्यर्थी शब्द लाडिकपणे गायले तर ते स्वस्त होतात. मोमोए ते सरळ गायची, एखादी गंभीर गोष्ट सांगावी तसं. त्यामुळे गाणं लिहिणाऱ्याने कल्पिलेली मुलगी एक, आणि रेकॉर्डमधून ऐकू येणारी दुसरीच, अशी फट तयार झाली. ही फट फार मोलाची ठरली. तिच्यातूनच पुढे दुसऱ्या प्रकारची गाणी आत आली.

ते वळण म्हणजे २१ जून १९७६ चं ‘योकोसुका स्टोरी’. या पुस्तकातलं सर्वांत दीर्घ प्रकरण मी या एका गाण्याला दिलं आहे, त्याचं कारण इथे थोडक्यात सांगतो. उझाकी र्यूदो हे ‘डाउन टाउन बूगी-वूगी बँड’चे म्होरके. कामगारांचे पांढरे सूट घालून, काळे गॉगल लावून गाणारा हा उग्र रॉक बँड. त्यांची गीतं लिहायच्या त्यांच्या पत्नी आकी योको. १९७५ मध्ये बंदरातल्या एका बेपत्ता बाईचा शोध घेणारं त्यांचं ‘मिनातो नो योको योकोहामा योकोसुका’ देशभर गाजलं होतं. आयडॉलच्या गोड दुनियेशी या जोडप्याचा काडीचा संबंध नव्हता. मोमोएला मात्र त्यांची गाणी आवडत, आणि आपल्यासाठी यांच्याकडून लिहून घ्यावं असं तिनेच सुचवलं. १७ वर्षांच्या, कंपनीच्या शब्दाबाहेर न जाणं अपेक्षित असलेल्या मुलीने स्वतःचा गीतकार सुचवावा, ही त्या व्यवस्थेत लहान गोष्ट नव्हती. साकाई आणि होरीप्रोचे निर्मिती-दिग्दर्शक कावासे यासुओ यांनी ते मानलं, याचं श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

आकी योको स्वतः योकोसुकात वाढलेल्या. म्हणजे गावाबद्दल लिहिणारीही तिथलीच आणि गाणारीही तिथलीच, हा योग. त्यांनी लिहिलेली तरुणी कुणाला काही अर्पण करत नाही. ती विचारते, संशय घेते, दुखावते, आणि उत्तराची वाट बघत असतानाच निघून जाण्याची तयारीही ठेवते. हागिता मित्सुओ यांचं वाद्यसंयोजन पहिल्या क्षणापासून धावत सुटतं आणि मोमोएचा खालचा सूर त्यावर ठाम उभा राहतो. हे गाणं तिच्या सर्वाधिक खपलेल्या सिंगल्सपैकी एक. खपापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, आधीच्या गाण्यांतली मुलगी पुरुषांच्या नजरेसाठी लिहिली होती. इथे पहिल्यांदा एका बाईने दुसऱ्या बाईसाठी लिहिलं. या गाण्यानंतर तरुण मुली तिच्या बाजूने उभ्या राहू लागल्या.

आकी-उझाकी जोडीने तिला पुढे ‘इमिटेशन गोल्ड’, ‘झेत्ताई झेत्सुमेइ’ आणि मे १९७८ चं ‘प्लेबॅक पार्ट टू’ दिलं. शेवटचं गाणं आजही नवं वाटतं. एकटी स्त्री लाल पोर्शे गाडी चालवते आहे, आणि मध्येच सगळी वाद्यं थांबतात, जणू कुणी टेप मागे फिरवली. एनएचके ही सार्वजनिक संस्था. तिथे कुठल्याही कंपनीच्या मालाचं नाव घ्यायला मनाई. म्हणून एनएचकेच्या कार्यक्रमात पोर्शेच्या जागी नुसती लालभडक मोटार आली. या बदलाची आठवण जपानमध्ये अजून गमतीने काढतात. पण गमतीपलीकडे पाहिलं तर लक्षात येतं, की आता वाद गाडीच्या नावाचा होता. चार वर्षांपूर्वी तिच्या गाण्यांबद्दल जे प्रश्न विचारले जात, ते विचारण्याचं धाडस आता कुणी करत नव्हतं.

याच काळात तिने अगदी वेगळ्या वळणाची दोन गाणी गायली. ऑक्टोबर १९७७ चं ‘कॉसमॉस’ सादा मासाशी यांनी लिहिलं आणि स्वरबद्ध केलं: लग्नाच्या आदल्या दिवशीची मुलगी आणि तिची आई, शरदातलं कोवळं ऊन. नोव्हेंबर १९७८ चं ‘इइ हि ताबिदाची’ तानिमुरा शिंजी यांचं. जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या प्रवास-मोहिमेसाठी ते वापरलं गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून, समारंभांतून गायलं जाऊ लागलं. गाडी चालवणारी बंडखोर आणि आईच्या मांडीशी बसलेली मुलगी, दोघी एकाच गळ्यातून आल्या आणि दोघी खऱ्या वाटल्या. त्या वर्षीच्या ‘कोहाकु’मध्ये स्त्रियांच्या संघाचा समारोप करण्याचा मान तिला मिळाला. तेव्हा ती १९ वर्षांची होती. एवढ्या लहान वयात तो मान त्याआधी कुणाला मिळाला नव्हता. नवल असं, की ‘जपान रेकॉर्ड पुरस्कारा’चा सर्वोच्च सन्मान तिला कधीच मिळाला नाही.

जानेवारी १९७८ पासून टीबीएस वाहिनीवर दर गुरुवारी रात्री ‘द बेस्ट टेन’ हा कार्यक्रम सुरू झाला. रेकॉर्डची विक्री, रेडिओवरच्या फर्माइशी, प्रेक्षकांची पोस्टकार्डं यांची बेरीज करून तो त्या आठवड्याची दहा गाणी क्रमाने ठरवायचा आणि ती थेट सादर व्हायची. मोमोए त्यात नेहमीची. या कार्यक्रमाच्या दोन सूत्रसंचालकांपैकी एकीला मराठी वाचक चांगले ओळखतात: ‘तोत्तोचान’ लिहिणाऱ्या कुरोयानागी तेत्सुको. आपल्या शिक्षकांनी आणि पालकांनी प्रेमाने वाचलेल्या त्या पुस्तकाची लेखिका तिच्या देशात मुख्यतः दूरचित्रवाणीचा चेहरा म्हणून प्रसिद्ध आहे. १९७०च्या दशकाचं जपान आपल्याला वाटतं तितकं परकं नाही, हे सांगायला हा एवढा धागा पुरे.

अभिनेत्री म्हणून मोमोएकडे पाहताना आणखी एक गोष्ट दिसते. डिसेंबर १९७४ मध्ये तोहोने ‘इझु नो ओदोरिको’ प्रदर्शित केला. कथा कावाबाता यासुनारी यांची. १९६८ चं नोबेल मिळवणारे, १९७२ मध्ये निवर्तलेले. इझु द्वीपकल्पातल्या फिरत्या तमासगिरांमधली कोवळी नर्तकी आणि तोक्योचा विद्यार्थी यांची ही कथा पडद्यावर सहाव्यांदा येत होती. १९३३ मध्ये तानाका किनुयो, पुढे मिसोरा हिबारी, योशिनागा सायुरी अशा मोठ्या नावांनी ती भूमिका केलेली. योशिनागाची १९६३ ची आवृत्ती ज्यांनी केली, त्याच निशिकावा कात्सुमी यांनी मोमोएला घेऊन ती पुन्हा केली. थोडक्यात, ही भूमिका म्हणजे जपानी पडद्यावर येणाऱ्या नव्या नायिकेची परीक्षा होती.

समोर विद्यार्थी होता मिउरा तोमोकाझु. त्याआधी दोघांनी एका चॉकलेटच्या जाहिरातीत एकत्र काम केलं होतं. पुढच्या सहा वर्षांत या जोडीने बारा चित्रपट केले: मिशिमाचा ‘शिओसाई’, तानिझाकीच्या कथेवरचा ‘शुनकिनशो’, होरी तात्सुओंचा ‘काझे ताचिनु’, आणि शेवटी, १९८० मध्ये, इचिकावा कोन यांनी दिग्दर्शित केलेला कावाबातांचाच ‘कोतो’. पहिला आणि शेवटचा दोन्ही चित्रपट एकाच लेखकाचे, हा योगायोग नसावा. कंपनीला आधुनिक साहित्याची प्रतिष्ठा आयडॉलच्या गल्ल्याशी जोडायची होती. टीकाकारांनी या चित्रपटांना मासिकातल्या सचित्र गोष्टी म्हटलं. ते काही अंशी खरंही आहे. पण शाळकरी प्रेक्षकांची एक अख्खी पिढी कावाबाता आणि तानिझाकींच्या दारापर्यंत मोमोएचं बोट धरून पोचली, हेही नोंदवायला हवं.

दूरचित्रवाणीवरच्या ‘आकाई’ मालिकांचा मामला वेगळा. दाइएइ आणि टीबीएसने मिळून केलेल्या या मालिकांत अपघात, आजार, अदलाबदल झालेली मुलं, जन्माची गुपितं यांची रेलचेल. १९७५-७६ च्या ‘आकाई गिवाकु’मध्ये किरणोत्सर्गाच्या अपघाताने रक्ताचा कर्करोग झालेली साचिको मोमोएने केली, वडिलांच्या भूमिकेत उत्सुई केन होते. १९८४ मध्ये ही मालिका चीनच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि तिथे तिने अक्षरशः वेड लावलं. साचिकोच्या पोशाखांची नक्कल दुकानांत विकायला आली. गंमत अशी, की चीनमधले करोडो लोक तिच्या प्रेमात पडत होते तेव्हा ती कारकीर्द संपवून चार वर्षं घरी बसली होती.

आता शेवटाकडे. २० ऑक्टोबर १९७९ रोजी ओसाकातल्या कार्यक्रमात, गाण्यांच्या मधल्या वेळी, मोमोएने प्रेक्षकांना सांगितलं की आपलं प्रेम आहे आणि ते मिउरा तोमोकाझुवर. आयडॉलने प्रेम करू नये, केलं तर कबूल करू नये, कबूल करायचंच तर कार्यालयाने कागद काढावा. हे सगळे संकेत तिने एका दमात मोडले. ७ मार्च १९८० रोजी पत्रकार परिषदेत दोघांनी लग्न जाहीर केलं, आणि मोमोएने आपण पूर्णपणे निवृत्त होत असल्याचं सांगितलं.

त्यानंतरच्या महिन्यांत तिने जे केलं, ते मला सर्वांत लक्षणीय वाटतं. चित्रपट, ध्वनिमुद्रणं आणि दौरे चालू असताना ती रात्री पुस्तक लिहीत होती. प्रसिद्ध माणसाच्या नावाने दुसऱ्याने लिहिण्याची प्रथा तिथेही होतीच. संपादक झान्मा रिएको यांच्या साथीने मोमोएने मात्र ते स्वतःच्या हाताने लिहिलं. सप्टेंबर १९८० मध्ये ‘आओइ तोकि’ शुएइशाने प्रकाशित केलं आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यातल्या प्रकरणांचे विषय पाहा: योकोसुका, जन्म, शरीरसंबंध, न्यायालयातला खटला, लग्न, निवृत्ती. चौदाव्या वर्षापासून ज्या ज्या गोष्टींवर साप्ताहिकांनी तिच्या वतीने लिहिलं होतं, त्या एकेक करून तिने आपल्या शब्दांत मांडल्या. विवाहाबाहेरचा जन्म, वडिलांशी तुटलेलं नातं, काहीच झाकलं नाही. यानंतर कुणाला तिचं गुपित विकता येणार नव्हतं, कारण तिने ते स्वतःच सांगून टाकलं होतं.

बुदोकानमधला शेवटचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. अखेरचं गाणं आकी-उझाकी जोडीचंच, ‘सायोनारा नो मुकोगावा’. ते संपल्यावर तिने हातातला पांढरा मायक्रोफोन रंगमंचावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. हे दृश्य जपानी दूरचित्रवाणीने इतक्या वेळा दाखवलं आहे की त्याची दंतकथा झाली. १९ नोव्हेंबरला तोक्योच्या रेइनानझाका चर्चमध्ये लग्न झालं.

दंतकथा करण्याची घाई तर त्याआधीच सुरू झाली होती. १९७९ मध्ये समीक्षक हिराओका मासाआकी यांनी मोमोए म्हणजे बोधिसत्त्व आहे, असं शीर्षकातच म्हणणारं पुस्तक लिहिलं. एखाद्या गायिकेला तिच्या विसाव्या वर्षी एवढ्या उंचीवर नेऊन बसवण्यामागे कौतुक होतं, पण देव्हाऱ्यात बसवलेल्याला बोलता येत नाही हेही खरं. तिने देव्हाऱ्यातून उठून स्वतःचं पुस्तक लिहिलं.

तिच्या निर्णयाचं मोल कसं करायचं, यावर जपानमध्ये मतभेद आहेत. तो काळ लक्षात घ्यायला हवा. १९७०च्या दशकाच्या मध्यावर पूर्णवेळ गृहिणी हाच मध्यमवर्गीय कुटुंबाचा आदर्श होता. लग्न ठरलं की मुलीने नोकरी सोडायची हे गृहीत होतं. रोजगारात स्त्री-पुरुष समानतेचा कायदा १९८५ मध्ये झाला. तेव्हा स्वतंत्र स्त्रीचा आवाज झालेली गायिका शेवटी घरात गेली, म्हणजे जुन्या चौकटीचाच विजय झाला, हा आक्षेप फेटाळून लावता येत नाही. ज्या वर्षी मोमोए गेली त्याच १९८० मध्ये मात्सुदा सेइको आली; तिने १९८५ मध्ये लग्न केलं, मुलगी झाली, तरी गाणं चालू ठेवलं आणि दुसरी वाट शक्य असल्याचं दाखवलं. त्याआधी, १९७८ मध्ये, ‘कँडीज’ या तिघी गायिकांनी आपल्याला साध्या मुली व्हायचंय असं सांगून कोराकुएन स्टेडियममध्ये निरोप घेतला होता. त्यांतल्या काहीजणी पुढे अभिनयात परतल्या.

मला मात्र वाटतं, मोमोएच्या बाबतीत ‘घर’ म्हणजे काय हे तिच्या जन्मापासून पाहायला हवं. वडिलांच्या नावाचं, समाजाने मानलेलं घर तिच्या आईला मिळालं नव्हतं. ज्या मुलीला ते जन्मतः नाकारलं गेलं, तिला त्याची ओढ वाटणं आणि ज्यांना ते आयतं मिळालं त्यांना ते बंधन वाटणं, या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजता येत नाही. शिवाय ती जे सोडून गेली त्यात फक्त गाणं नव्हतं. झोपेची चोरी होती, साप्ताहिकांचे छायाचित्रकार होते, खासगी आयुष्यावर सतत रोखलेली नजर होती. निवृत्तीनंतरही कॅमेऱ्यांनी तिचा पाठलाग सोडला नाही, आणि ती पुन्हा कधी त्यांच्यासमोर मुलाखत द्यायला बसली नाही.

तिने मौन पाळलं, पण अज्ञातवास पत्करला नाही. तिचे दोन्ही मुलगे, गायक मिउरा युतारो आणि अभिनेता मिउरा ताकाहिरो, याच क्षेत्रात आले. २०१९ मध्ये तिने आपल्या गोधड्यांचं, म्हणजे अनेक वर्षं शिवत आलेल्या क्विल्टकामाचं, पुस्तक काढलं. २०२० मध्ये तिची सहाशेहून अधिक गाणी इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर उपलब्ध झाली. जानेवारी २०२१ मध्ये एनएचकेने बुदोकानचा तो कार्यक्रम नव्याने स्वच्छ केलेल्या चित्रफितीतून दाखवला आणि तिच्या निवृत्तीनंतर जन्मलेल्यांनीही तो पाहिला. तिची गाणी, तिचं पुस्तक आणि तिचं शिवणकाम लोकांसमोर आहे. बाकीचं तिने स्वतःजवळ ठेवलं.

या पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. जपानी रीतीप्रमाणे सगळीकडे आडनाव आधी आणि नाव नंतर दिलं आहे. मोमोए हे तिचं नाव, यामागुची आडनाव. गाण्यांचे शब्द उद्धृत केलेले नाहीत. गाण्यातली परिस्थिती माझ्या शब्दांत सांगितली आहे. पहिला भाग स्पर्धेपासून १९७६ पर्यंतचा, दुसरा ‘योकोसुका स्टोरी’पासून १९७९ पर्यंतचा, तिसरा निवृत्तीचं वर्ष आणि त्यानंतरचा. चित्रपट आणि मालिकांचं प्रकरण स्वतंत्र ठेवलं आहे, कारण तिथे तिला शब्द निवडण्याची मुभा फारशी नव्हती आणि म्हणूनच तिथे तिच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष द्यावं लागतं.

ज्यांनी तिचं काहीच ऐकलेलं नाही, त्यांनी वाचन सुरू करण्याआधी तीन गाणी याच क्रमाने ऐकावीत: ‘हितो नात्सु नो केइकेन’, ‘योकोसुका स्टोरी’ आणि ‘सायोनारा नो मुकोगावा’. भाषा कळली नाही तरी चालेल. पहिल्यात एका मुलीला गायला लावलं आहे. दुसऱ्यात ती गायला लागली आहे. तिसऱ्यात, आपलं काम झालं हे ठाऊक असलेली बाई गाते आहे. या तिघींमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे. एवढ्या अवधीत दुसऱ्यांनी घडवलेल्या मुलीने स्वतःला घडवून दाखवलं आणि तेही त्याच व्यवस्थेच्या आत राहून, तिच्याच साधनांनी. ते तिने कसं साधलं आणि त्यासाठी काय मोजलं, हे पुढच्या पानांत आहे. निवाडा वाचकाने करावा. माझा कल कुठे आहे हे मी लपवलेलं नाही.